टिळकांच्या घरातले तरुण

बडोद्यात तरुण संघाच्या कामाविषयी आम्ही बोलायला बसलो म्हणजे एक गाऱ्हाणे हटकून निघते. मुले शब्बाथ शाळेत येतात, गातात, वचने पाठ करतात. मिसरूड फुटले की मागच्या बाकावर जातात आणि तेथून दाराबाहेर. मग स्पर्धा कोणत्या ठेवाव्या, सहल कोठे न्यावी, याची चर्चा चालते. अशा वेळी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र उघडून पाहावे, असे आम्हांस वाटते. त्यांची गीते आपण उपासनेत नेहमी गातो; पण तरुणांना त्यांनी कसे वागवले, याकडे आपले लक्ष कमी जाते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. वडील कडक स्वभावाचे. प्रेमळ आई लहानपणीच गेली. घर सोडून हा पोरका मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांनी त्याला जवळ करून संस्कृत शिकविले. दुसऱ्याच्या घरी मिळालेली माया काय करते, हे टिळकांना स्वतःच्या आयुष्यातून कळले होते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू यांचा काही वर्षे वियोग सोसावा लागला. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या व १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) त्यांच्या घरात दुष्काळातील अनाथ मुलांनाही आसरा मिळाला.

१९०७ साली जळगावी कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली. अध्यक्ष कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. हेच कीर्तिकर १९०९ साली आपल्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पदवीने मुलाचे कौतुक झाले. पण त्याचे पुढे काय? टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी नेले. दत्तूहून तो जेमतेम वर्षाने मोठा. घरात तो मुलासारखाच वावरला, रुसला, हसला. स्वतः नामवंत कवी असूनही टिळकांनी त्याला आपली नक्कल बनविले नाही; त्याचा सूर त्याचाच राहू दिला. विशेष म्हणजे या मायेला त्यांनी बाप्तिस्म्याची अट जोडली नाही. ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी आपला विश्वास लपविला नाही, आणि दारही बंद केले नाही.

टिळक निर्दोष होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते तापट होते, आणि हाती येईल ते देऊन टाकीत. घरी काय शिजवावे ही काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांनी माणसे घरी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना सांभाळावे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. तरुणांचे काम एकट्या पुढाऱ्याचे नसते. ज्यांच्या चुलीवर ते उभे राहते, त्यांचा विचार आधी घ्यावा, हा धडा येथे आहे.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि देवाचा दरबार उभारला. त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोघांनाही जागा होती. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात ठोमरे गेले. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला.

मुलगा आपल्या मंडळीच्या यादीत आला नाही, तर ते श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. पेरणाऱ्याने पेरावे, वाढविणारा देव आहे. शिक्षकबंधुभगिनींनो, तरुण संघाचा पुढचा कार्यक्रम आखण्यापूर्वी मागच्या बाकावरचा एक मुलगा नावाने आठवावा. त्याला एका संध्याकाळी घरी जेवायला बोलवावे, त्याला काय आवडते ते विचारावे आणि आपण थोडे गप्प बसून ऐकावे. मंडळीचे दार त्याला कदाचित त्या जेवणाच्या पाटावरूनच सापडेल.