मुक्या कलाकारांसाठी कायदा मागणारी नर्तिका : रुक्मिणीदेवी अरुंडेल



कोडोलीच्या आमच्या वर्गात मध्यंतरी मुलांना एका जुन्या ऐतिहासिक सिनेमातला लढाईचा प्रसंग दाखवला. भरधाव घोडा तोंडघशी आपटला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारलं, की बाई, माणूस पडायचं नाटक करतो, पण घोड्याला कुणी सांगितलं असेल? मला उत्तर देता आलं नाही. आपण कोल्हापूरचे, म्हणजे बाबूराव पेंटर आणि भालजी पेंढारकरांच्या भागातले. पन्हाळा-जोतिबाला शूटिंग बघायला आपली मुलं धावत जातात. तरी हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. त्याचं उत्तर शोधताना भेटल्या त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. आजचा पाठ त्यांच्यावर.

बालपण आणि विवाह

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजी मदुराई येथे झाला. वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येणार, हे मुलांना सांगितलं की त्यांना फार गंमत वाटते! वडील नीलकंठ शास्त्री सरकारी अभियंते होते. ते थिऑसॉफिकल सोसायटीचे अनुयायी होते आणि निवृत्तीनंतर मद्रासजवळच्या अड्यार येथे राहायला आले. तिथे रुक्मिणीवर ॲनी बेझंट यांचा प्रभाव पडला.

१९२० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञाशी मुंबईत विवाह केला. जॉर्ज त्यांच्यापेक्षा पंचवीस-सव्वीस वर्षांनी मोठे. त्या काळात या लग्नावरून मोठा गदारोळ झाला. लोकांची बोलणी खाऊनही आपल्या मताला धरून राहायचं, याचा धडा त्यांना इथेच मिळाला असावा.

रंगमंचावर पाऊल

१९२८ मध्ये मुंबईत त्यांनी जगप्रसिद्ध रशियन नर्तिका ॲना पाव्हलोव्हा यांचा कार्यक्रम पाहिला. पुढे ओळख वाढली. पाव्हलोव्हा यांनी त्यांना आपल्या देशातल्या नृत्याकडे पाहायला सुचवले. तेव्हा दक्षिणेतले 'सदिर' नृत्य देवदासी परंपरेतील स्त्रियाच करत. प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या घरातल्या स्त्रीने ते शिकणे लोकांना मान्य नव्हते. रुक्मिणीदेवींनी मैलापूर गौरी अम्मा आणि मीनाक्षीसुंदरम पिल्लै यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९३५ मध्ये अड्यारला जाहीर कार्यक्रम केला. १९३६ मध्ये 'कलाक्षेत्र' ही संस्था उभी राहिली. भरतनाट्यमला आज जो मान आहे, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मूळ देवदासी कलावंत मात्र यात मागे पडल्या, अशी टीकाही झाली. मोठ्या वर्गातल्या मुलांना हेही सांगायला हवं.

संसदेतली लढाई

१९५२ मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर जे पहिले १२ सदस्य नेमले, त्यांत रुक्मिणीदेवी होत्या. नृत्यांगना कलेवर बोलेल, असंच कुणालाही वाटलं असतं. पण त्यांनी प्राण्यांचा विषय हाती घेतला. तेव्हा देशात इंग्रजांच्या काळातला १८९० चा जुना कायदा चालू होता. त्याच्या जागी नवा कायदा व्हावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडले.

पंतप्रधान नेहरूंना त्यांचे म्हणणे पटले, पण सरकार समिती नेमेल, तोवर विधेयक मागे घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. रुक्मिणीदेवींनी ते मागे घेतले. एखाद्याने इथे विषय सोडून दिला असता. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ मध्ये भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच, आणि १९८६ पर्यंत त्याच.

या कायद्यात खेळ करणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नोंदणीशिवाय प्राण्याला खेळासाठी शिकवता येत नाही, लोकांपुढे आणता येत नाही. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. रुक्मिणीदेवींना रंगमंचावर उभं राहण्यासाठी समाजाशी भांडावं लागलं, पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता. अस्वलाला, माकडाला, घोड्याला कुणी विचारत नाही.

सिनेमातले घोडे

पूर्वी पडद्यावर घोडा पाडायचा तर त्याच्या पायात तार अडकवायची पद्धत होती. हॉलिवूडमध्ये १९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' या सिनेमात अशा तारांमुळे कित्येक घोडे दगावले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'साठी घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडले आणि तो मेला. लोक संतापले, तेव्हा कुठे तिथे सेटवर देखरेख सुरू झाली.

आपल्याकडे १९६० च्या कायद्याच्या आधारे २००१ मध्ये नियम आले आणि त्यात सिनेमाचा स्पष्ट उल्लेख झाला. प्राण्याला पाडण्यासाठी तार किंवा खड्डा वापरायचा नाही. आगीजवळ न्यायचं नाही, मुद्दाम मोठा आवाज करून बुजवायचं नाही. गुंगीचं औषध द्यायचं नाही. आजारी, जखमी किंवा गाभण जनावर कामाला लावायचं नाही. हे बघायला रुक्मिणीदेवी नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड ठरला १० ते ५० रुपये. साठ वर्षं उलटली तरी आकडा तोच राहिला. पन्नास रुपयांना कोण भिणार?

आपल्या गावाशी नातं

बैलगाडा शर्यतीचा वाद आपल्याला ठाऊक आहे. २०१४ ची बंदी याच कायद्याच्या आधारे आली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची दुरुस्ती मान्य करून अटींसह शर्यतींना वाट दिली. वारणानगरकडे ऊस ओढणाऱ्या बैलांसाठीही १९६५ पासून नियम आहेत : दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. बेंदराला आपण बैलाची शिंगं रंगवतो, पुरणपोळी चारतो. पण उरलेल्या दिवसांचं काय?

वर्गात घेण्यासाठी

१) सिनेमात प्राणी दिसला की तो प्रसंग कसा घेतला असेल, यावर चर्चा करा.
२) घरच्या किंवा शेजारच्या जनावराचा एक दिवस वहीत लिहायला सांगा : काम किती तास, पाणी किती वेळा, सावली कुठे.
३) रुक्मिणीदेवींनी विधेयक मागे घेतलं, ते बरोबर की चूक? दोन्ही बाजू मांडा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की त्या घोड्याला बहुतेक कुणीच विचारलं नव्हतं. सिनेमा नियमांच्या आधीचा होता. तिने दुसरा प्रश्न विचारला, की मग आम्ही टाळ्या का वाजवल्या? पालकहो, याचं उत्तर घरी मुलांसोबत बसून शोधा.