फरशीवरचा सेनापती

आमच्या घरी वर्षातून दोनदा जमिनीवर गाव वसतं. दिवाळीत गल्लीतल्या पोरांबरोबर अंगणात किल्ला, आणि नाताळात हॉलच्या कोपऱ्यात क्रिब. दोन्हीकडची मातीची माणसं माळ्यावर एकाच खोक्यात असतात. त्यामुळे बाळ येशूच्या गव्हाणीपाशी मेंढपाळांच्या रांगेत एखादा ढाल-तलवारवाला मावळा हमखास उभा असतो. आज्जीच्या मते तो राखणीला असतो. बेळगावात याचं कुणाला नवल वाटत नाही.

कॉलेजात गेल्यावर माझा दादा टेबलावरच्या युद्धखेळांच्या नादी लागला. त्यातले सैनिक प्लास्टिकचे, जेमतेम इंचभर उंचीचे. ते पट्टीवरून कापायचे, घासायचे, प्रायमर मारायचा आणि मग शून्य नंबरच्या ब्रशने रंगवायचे. पाण्यासारखा पातळ काळपट रंग कपड्यांच्या घड्यांत सोडला की सावली पडते, आणि जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की उजेड येतो. चेहरे रंगवायचं काम माझ्याकडे, कारण माझा हात हलत नाही. गेल्या वर्षी दादा खऱ्या सैन्यात भरती झाला. कॅम्पातल्या रेजिमेंटल सेंटरचा बँड आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून मम्मी सोडून घरात कुणाला धक्का बसला नाही. आता तो कुठे आहे हे तो फोनवर सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. सैनिकांचा डबा माझ्या टेबलाखाली आलाय.

परीक्षेनंतर तो उघडला, एक शिपाई हातात घेतला, आणि चेहरा रंगवताना अडकले. हा खेळ नेमका कुणी सुरू केला आणि त्याला हे करताना काय वाटत होतं, असं मनात आलं. शोधायला गेले तर ओळखीचाच माणूस भेटला: हर्बर्ट जॉर्ज वेल्स. आपण साहित्यवाले त्याला कालयंत्र आणि अदृश्य माणूस यांच्यामुळे ओळखतो. मोठ्या लेखकाला मी अरे-तुरे करतेय, पण शेहेचाळिसाव्या वर्षी फरशीवर पालथं पडून शिशाच्या शिपायांवर नेम धरणाऱ्या माणसाला अहो-जाहो करणं मला तरी जमत नाही.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉम्लीतला. बाप जोसेफ चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचा, पण दुकान कधी नीट चाललंच नाही. घर चालायचं ते त्याच्या गोलंदाजीवर. (क्रिकेटवाल्यांसाठी: १८६२ साली त्याने केंटकडून ससेक्सविरुद्ध ओळीने चार चेंडूंत चार बळी घेतले होते.) आई सारा लग्नाआधी मोठ्या घरांत चाकरीला होती. बर्टी सात वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याला पुस्तकांचा नाद लागला. पुढे १८७७ मध्ये बापाची मांडी मोडली, क्रिकेट संपलं, मिळकतही संपली. आई पुन्हा चाकरीला गेली, ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीत कारभारीण म्हणून. तिथे नोकरमाणसांची ये-जा जमिनीखालच्या बोगद्यांतून चालायची. वर उजेडात मालक आणि खाली अंधारात चाकर, हे त्या पोराने पाहिलं. कालयंत्राची गोष्ट वाचलेल्यांना पुढचं सांगायला नको.

त्याला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं. दिवसाचे तेरा तास काम, रात्री बाकीच्या उमेदवारांबरोबर एका खोलीत झोप. दोन वर्षं त्याने कशीबशी काढली, मग आईपुढे हट्ट धरून सुटका करून घेतली, शाळेत शिकत शिकत शिकवू लागला आणि १८८४ साली शिष्यवृत्तीवर लंडनला गेला. तिथे त्याला जीवशास्त्र शिकवायला खुद्द टी. एच. हक्सली होते.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. १८९५ ते १८९८ या चार वर्षांत कालयंत्र, डॉक्टर मोरोचं बेट, अदृश्य माणूस आणि मंगळावरच्या स्वारीची कादंबरी. ही शेवटची लिहिताना तो वोकिंगला राहायचा आणि सायकलवरून आसपास हिंडून मंगळवासीयांनी कुठलं घर, कुठला रस्ता उद्ध्वस्त करायचा याच्या जागा हेरून ठेवायचा. मला वाटतं, त्याच्या लुटुपुटूच्या लढाया इथेच सुरू झाल्या. खरं तर त्याहीआधी. आत्मचरित्रात त्याने कबूल केलंय की तेरा वर्षांचा असताना ब्रॉम्लीच्या रस्त्यांवरून चालता चालता तो मनातल्या मनात मोठमोठ्या फौजा हलवायचा. तो विजयी सेनापती आणि गावाभोवतीचं रान ही रणभूमी. समोरून येणाऱ्याला फक्त एक फाटका पोरगा दिसत असणार.

पैसा आल्यावर त्याने समुद्रकाठी सँडगेटला घर बांधलं. १९०१ मध्ये जॉर्ज फिलिप, म्हणजे गिप, आणि १९०३ मध्ये फ्रँक असे दोन मुलगे झाले. मुलांची खोली म्हणजे लाकडी ठोकळे, फळ्या आणि शिशाचे शिपाई यांचा पसारा. शिपाई स्वस्त झाले होते, कारण लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ साली ते आतून पोकळ ओतायची युक्ती काढली होती. आधीचे जर्मन शिपाई भरीव, म्हणून शिसं जास्त आणि किंमतही जास्त. हे नवे सुमारे ५४ मिलिमीटर उंच, रंगवूनच खोक्यात भरलेले. त्यात हिंदी पलटणींचे संचही असत, फेटेवाले. सोबत स्प्रिंगची एक तोफ मिळायची, इंचभर लाकडी गोळी उडवणारी. नऊ यार्डांवरून दहांतले नऊ नेम लागतात असा वेल्सचा दावा होता.

एके दिवशी जेवण झाल्यावर त्याच्याकडे आलेल्या एका मित्राने ती तोफ उचलून शिपाई पाडायला सुरुवात केली. वेल्सने पुस्तकात त्याची फक्त आद्याक्षरं दिली आहेत, पण तो विनोदी लेखक जेरोम के. जेरोम असावा असं सगळे धरून चालतात. मग यानेही तोफ घेतली. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड गालिच्यावर मांडून डोंगर केले, दोन फौजा समोरासमोर आल्या, आणि ज्यांची ही खेळणी होती ती पोरं बाजूला पडली. दिवाळीच्या किल्ल्यात काका लोक शिरले की आमचंही हेच होतं.

नियम मात्र वेल्सने शास्त्रज्ञासारखे घडवले. मध्ये पडदा लावून दोघांनी आपापली माणसं गुपचूप मांडायची. पायदळ एका खेपेला एक फूट जाणार, घोडदळ दोन फूट. अंतर दोरीने मोजायचं. प्रत्येक खेपेला घड्याळ लावायचं, म्हणजे कुणी उगाच विचार करत बसणार नाही. तोफेजवळ सहा इंचांत किमान चार माणसं नसली तर तोफ मुकी. दोन्ही तुकड्या भिडल्या तर माणसाला माणूस जाणार. फाशांचा संबंध नाही. गोळी लागून शिपाई पडला की मेला. प्रशियाच्या लष्करात शंभर वर्षांपूर्वीपासून नकाशावर युद्धखेळ चालायचा, पण तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. सामान्य माणसाने दुकानातले शिपाई घेऊन घरात खेळावं असे नियम पहिल्यांदा लोकांपर्यंत पोचवले ते वेल्सने. आज जगभर लोक मिनिएचर रंगवून टेबलावर उभ्या करतात, त्यांचा मूळपुरुष म्हणून यालाच मानतात.

फरशीवरच्या खेळांचं त्याचं पहिलं पुस्तक १९११ चं आणि लुटुपुटूच्या लढायांचं १९१३ चं. दुसऱ्यातले फोटो त्याच्या बायकोने काढले. तिचं खरं नाव एमी कॅथरिन, पण हा तिला जेन म्हणायचा. संसारात वेल्स एकनिष्ठ नव्हता. ते तिला माहीत होतं आणि तरी घर, हिशेब, टायपिंग सगळं तिनेच सांभाळलं. तीही कथा लिहायची. १९२७ मध्ये ती गेल्यावर त्याने त्यांचं पुस्तक काढलं. लढायांच्या पुस्तकाच्या शीर्षकपानावरच हा खेळ मुलग्यांसाठी आणि त्यातल्या त्यात हुशार मुलींसाठी असल्याचं छापलंय. हे वाचून मी पुस्तक बंद करणार होते. मग आधीचं, १९११ चं उघडलं, आणि तिथे मला जे सापडलं त्यासाठीच हा लेख लिहितेय.

त्या पुस्तकात वेल्स तक्रार करतो की दुकानात शिपायांशिवाय माणसंच मिळत नाहीत. त्याला खाटीक हवाय, पाव घेऊन उभा असलेला बेकरीवाला हवाय, व्यापारी, घरगडी, न्यायाधीश, वकील, रस्त्यावरची वर्दळ हवी आहे. नुसते गणवेश आणि संचलनं यांत कायम रमणारे म्हणजे त्याच्या लेखी राजेमहाराजे आणि अगदी बावळट पोरं. युद्धखेळाचा हा मूळपुरुष मनातून साधी माणसं मागत होता! आणि आमच्या बाजारात किल्ल्यासाठी मावळ्यांच्या शेजारीच भाजीवाली, गवळण, जात्यावर दळणारी बाई मिळते. ब्रिटनसाहेबांच्या कंपनीला हे सुचायला वेळ लागला. महायुद्ध संपल्यावर तिने शेतावरची माणसं आणि जनावरं काढली.

लढायांच्या पुस्तकाच्या शेवटी तो खऱ्या युद्धाकडे वळतो. त्याचं म्हणणं असं की हा खेळ तीन-चार वेळा खेळलेल्या कुणालाही कळेल की खरी लढाई किती ढिसाळ आणि धांदरट असणार. ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांना एका खोलीत कोंडून हे शिपाई द्यावेत, म्हणजे बाकीच्यांना जगता येईल. पुस्तक आल्यावर जेमतेम एका वर्षात, ऑगस्ट १९१४ मध्ये, महायुद्ध पेटलं.

इथे मला वेल्सचा राग येतो. ज्याला युद्धाचा मूर्खपणा कळला होता तोच आता पहिल्या आठवड्यांत लेखांवर लेख लिहून सांगू लागला की हे युद्ध युद्धालाच संपवणार आहे. ते शब्द सगळीकडे पसरले. त्याची मुलं तेव्हा तेरा आणि दहा वर्षांची. ती जाणार नव्हती, दुसऱ्यांची जात होती. आमच्याकडचीही. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. कुतच्या वेढ्यात त्या उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. त्यानंतरच्या कैदेतून कितीतरी जण परतले नाहीत.

त्याच १९१६ साली वेल्सची मिस्टर ब्रिटलिंगवरची कादंबरी आली. त्यातला लेखक वेल्ससारखाच, एसेक्समध्ये राहणारा, सुरुवातीला उत्साहाने लेख लिहिणारा. मग त्याचा मुलगा ह्यू आघाडीवर मारला जातो. घरात पूर्वी शिकवायला असलेला जर्मन तरुणही युद्धात बळी जातो. शेवटी ब्रिटलिंग रात्रभर जागून त्या जर्मन पोराच्या आईबापांना पत्र लिहायचा प्रयत्न करतो. ती पानं वाचताना माझा राग थोडा उतरला. पूर्ण नाही.

त्यानंतर तो तीस वर्षं जगला. जगाचा एक इतिहास लिहिला, एका जागतिक राज्याचा ध्यास घेतला, लेनिन आणि स्टालिन दोघांना भेटून आला. आमच्या चर्चवर १९४३ साली एक अख्खं पुस्तक रागाने लिहिलं. मी ते चाळलंय, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. पण १९३४ च्या आत्मचरित्रात हाच माणूस मान्य करतो की १९१४ पर्यंत खेळण्यातल्या लढाईत त्याला बालपणीच्या त्या स्वप्नांचीच गोडी लागायची, आणि युद्धाकडे मोठ्या माणसासारखं बघायला तो १९१६ ते १९२० च्या दरम्यान कधीतरी शिकला. हिटलरचं डोकं त्याला आपल्याच तेरा वर्षांच्या डोक्यासारखं वाटलं होतं. स्वतःबद्दल एवढं छापायला जिगर लागते की नाही?

१३ ऑगस्ट १९४६ ला लंडनमधल्या राहत्या घरी तो गेला. ज्या अणुबॉम्बचं नाव आणि कल्पना त्याने १९१४ च्या एका कादंबरीत आणली होती, तो हिरोशिमावर पडून तेव्हा वर्ष झालं होतं. फरशीवर बापाशी लढलेला गिप प्राणिशास्त्रज्ञ झाला. त्याने, बापाने आणि हक्सलींचा नातू ज्युलियन याने मिळून जीवशास्त्रावर एक मोठा ग्रंथ लिहिला.

परवा मी दादाच्या डब्यातला एक शिपाई काढला. कटरने बंदूक कापली, शिरस्त्राण घासून टोपी केली, अंगात पांढरा ॲप्रन रंगवला आणि हातावर चिकणमातीची इवलीशी टोपली चिकटवली. यंदाच्या क्रिबमध्ये वेल्सला हवा होता तो पाववाला असणार. फोटो दादाला पाठवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं की चेहरा झकास झालाय, पण बोटं अजून बंदूक धरल्यासारखीच वळलेली दिसतात, मनगटापासून हात नवे करावे लागतील. आणि त्यासाठी चिकणमाती चालणार नाही, ती सुकली की पडते. एम-सील आण, असं त्याने कळवलंय.