दिवसा शूटिंग, रात्री कोर्ट: मेरी ॲस्टरची डायरी
१९०६ साली जन्मलेली मेरी ॲस्टर मूकपटांपासून हॉलिवूडमध्ये होती. १९३६ मध्ये मोडत्या संसारावरच्या 'डॉड्सवर्थ'मध्ये ती काम करत होती, आणि नेमका तेव्हाच तिचा स्वतःचा मोडलेला संसार पेपरात गाजत होता! मुलीच्या ताब्यासाठी घटस्फोटित नवऱ्याशी खटला सुरू होता. त्याच्या हाती तिची डायरी लागली होती, त्यात नाटककार जॉर्ज कॉफमनसोबतच्या प्रेमाच्या नोंदी. करिअर संपेल अशी भीती होती, पण मुलगी हवीच होती, म्हणून ती मागे हटली नाही. दिवसा शूटिंग, रात्री कोर्ट! तिला सिनेमातून काढायला निर्माते सॅम्युअल गोल्डविन यांनी नकार दिला, हे विशेष. शेवटी मुलीचा ताबा दोघांत विभागला गेला. पुढे 'द ग्रेट लाय'साठी तिला ऑस्करही मिळालं. सीलबंद ठेवलेली ती डायरी १९५२ मध्ये जाळण्यात आली. मेरी १९८७ मध्ये गेली.