वाऱ्याचे गणित मांडणारे माल्कम सेयर



मला चित्रकला फार आवडते आणि गणित म्हटले की पोटात गोळा येतो. मागच्या चाचणीत मला २५ पैकी ९ गुण मिळाले. तेव्हा मी गणिताबद्दल काही लिहीन असे कुणालाच वाटले नसेल! पण शाळेच्या पुस्तकपेटीत मला शर्यतीच्या एका गाडीचे चित्र सापडले. अंग माशासारखे गुळगुळीत, आणि ड्रायव्हरच्या डोक्यामागे माशासारखाच उभा पर. मी ते चित्र वहीत चार वेळा काढले, चारही वेळा चुकले. तेव्हा गुरुजी म्हणाले की ही गाडी नुसत्या हाताने रेखाटलेली नाही, ती गणिताने काढलेली आहे. काढणाऱ्याचे नाव माल्कम सेयर.

सेयर यांचा जन्म २१ मे १९१६ रोजी इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या क्रोमर गावी झाला. त्यांचे वडील ग्रेट यारमथच्या शाळेत मास्तर होते आणि गंमत म्हणजे ते गणित व चित्रकला हे दोन्ही विषय शिकवत. माल्कम त्याच शाळेत शिकले. (माझे वडील असे मास्तर असते तर माझे काय झाले असते कोण जाणे!) पुढे लफबरोच्या कॉलेजात ते पहिल्या वर्गात पास झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ब्रिस्टल कंपनीच्या विमान कारखान्यात काम केले. १९४८ साली ते बगदादला गेले. तिथून परतल्यावर ते जग्वार मोटार कंपनीत लागले.

जग्वारला ल माँची शर्यत जिंकायची होती. फ्रान्समधली ही शर्यत २४ तास चालते. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो, गाडी पळतीच! त्या वाटेवर तेव्हा सुमारे ६ कि.मी.चा अगदी सरळ रस्ता होता. एवढ्या वेगात इंजिनाची बरीचशी ताकद नुसता वारा बाजूला सारण्यात जाते. हे मला आधी पटेना. मग बाबांच्या फटफटीवर मागे बसून येताना मी चित्रकलेचा बोर्ड हातात धरला. कड पुढे केली तर काहीच झाले नाही. सपाट बाजू पुढे केली, तर बोर्ड हातातून निसटून थेट ओढ्यात! (आई, बोर्ड कसा हरवला ते आता कळले ना?)

त्या वेळी अशा कामाला संगणक नव्हते. सेयर लॉगची कोष्टके आणि मोजपट्टीसारखी स्लाइड रूल घेऊन बसत. गाडीच्या अंगावरचा एकेक बिंदू कुठे येईल, त्याचा आकडा काढत. लंबवर्तुळाचे सूत्र त्यांच्या फार उपयोगी पडे. मग लहान नमुना करून तो वाऱ्याच्या बोगद्यात तपासत. गाडीवर लोकरीचे तुकडे चिकटवत. तुकडा सरळ उडाला तर वारा नीट वाहतो आहे, फडफडला तर तिथे आकार चुकला. शोभेसाठी आकार काढणारा असे कुणी म्हटलेले त्यांना आवडत नसे.

१९५१ मध्ये त्यांची सी-टाइप गाडी पहिल्याच वर्षी जिंकली. पण १९५२ साली फजिती झाली. मर्सिडीजच्या गाड्या फार वेगवान आहेत असे कळल्याने जग्वारने घाईघाईने गाडीचे नाक लांब व खाली उतरते केले. त्यासाठी इंजिनाचे पाणी थंड करणारी आतली मांडणीही बदलली, आणि तीच कमी पडली. इंजिने तापली. तिन्ही गाड्या काही तासांतच बाद! वाऱ्याला फक्त बाजूला सारून भागत नाही, थोडा आतही घ्यावा लागतो. मला हा भाग सगळ्यात आवडला, कारण एवढ्या मोठ्या माणसांचेही गणित चुकले. १९५३ साली पुन्हा जुन्या आकाराची गाडी, नवे डिस्क ब्रेक, आणि पहिला नंबर.

मग १९५४ मध्ये आली डी-टाइप, म्हणजे माझ्या चित्रातली गाडी. इंजिन थोडे तिरके बसवले, म्हणजे बोनेट खाली आले. आणि तो पर? बाणाच्या मागे पिसे असतात ना, तसे त्याचे काम. बाजूने वारा आला तरी गाडी सरळ राहते. फेरारीचे इंजिन ४.९ लिटरचे, जग्वारचे ३.४ लिटरचे. तरी सरळ रस्त्यावर जग्वार ताशी सुमारे २७८ कि.मी. पळाली आणि फेरारी सुमारे २५८! त्या वर्षी शर्यत मात्र फेरारीनेच जिंकली, अगदी थोडक्यात.

१९५५, १९५६ आणि १९५७ अशी तीन वर्षे डी-टाइप जिंकली. पण १९५५ च्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ८० हून अधिक माणसे गेली. तो विजय लिहिताना मला बरे वाटत नाही.

१९६१ साली साध्या रस्त्यावर चालवायची ई-टाइप निघाली. तिचा आकारही सेयर यांचाच. लोक तिच्यामागे वेडे झाले, पण काढणाऱ्याचे नाव फार थोड्यांना माहीत होते. एप्रिल १९७० मध्ये हृदयविकाराने ते वारले. वय अवघे ५३ वर्षे.

१९९६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली. म्हणजे कोष्टके घेऊन काढलेली गाडी चित्रांच्या आणि मूर्तींच्या घरी जाऊन बसली! खाली चिकटवलेले डी-टाइपचे चित्र मी पाचव्यांदा काढले आहे. या वेळी आधी कागदावर चौकटी आखल्या आणि बिंदू मोजून घेतले. पर अजून थोडा वाकडाच आला आहे.