मल्ल खाशाबा जाधव

कृष्णा व कोयना या नद्यांच्या प्रीतिसंगमावर वसलेल्या कऱ्हाड शहरापासून अगदी जवळ गोळेश्वर नावाचे एक खेडेगाव आहे. तेथे दादासाहेब जाधव या शेतकरी मल्लाच्या घरी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. घरात कुस्ती इतकी मुरलेली होती, की लहानग्या खाशाबांस आखाड्याची वाट कोणी दाखवावी लागली नाही. वडीलच त्यांचे पहिले वस्ताद झाले. पुढे कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण व गावच्या तालमीत मेहनत असा त्यांचा क्रम चालू राहिला.

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी कित्येकांची अशी समजूत दिसते, की जिंकण्याची ईर्षा ही कोणाला उपजतच लाभते व कोणाला लाभत नाही. खाशाबांचे चरित्र पाहता आम्हांस हे मत मान्य करवत नाही. त्यांच्या अंगी जोर होता, डावपेचही होते; परंतु चढाओढीत उतरणाऱ्या मनुष्याचे मन त्यांनी हळूहळू व पुष्कळदा पराभवातूनच घडविले.

माध्यमिक शिक्षण संपवून ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधविलेले ते नगर. तेथे पहिलवान म्हणजे भरदार छातीचा, धिप्पाड पुरुष अशी लोकांची कल्पना. खाशाबांची उंची जेमतेम साडेपाच फूट व अंगलट सडपातळ. महाविद्यालयाच्या वार्षिक सामन्यांत नाव घालण्यास ते गेले असता त्यांची ती मूर्ती पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असे सांगतात. दुसरा एखादा मुलगा रुसून घरी गेला असता. हे थेट प्राचार्य खर्डेकरांपुढे जाऊन उभे राहिले व आपणांस एक संधी मिळावी एवढेच त्यांनी नम्रपणे मागितले. ती मिळाली, आणि आपल्याहून थोराड गड्यांस त्यांनी आस्मान दाखविले. प्राचार्यांच्या मनात हा मुलगा त्या दिवसापासून भरला. या गोष्टीचा पुढे केवढा परिणाम झाला, ते लवकरच कळेल.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाची तजवीज केली व खाशाबा विलायतेस गेले. तेथे त्यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडील कुस्ती लाल मातीच्या हौद्यात होते. माती पायास धरून ठेवते, अंगास चिकटते, खेळाची गती आपोआप मंद करते. आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीस टेकली म्हणजे निकाल लागतो. लंडनास हौद्याच्या जागी गादी होती. तीवर पाय निराळे पडतात, डाव क्षणार्धात करावा लागतो, वेळ मोजलेली असते, आणि पाठ न टेकताही पंचांनी दिलेल्या गुणांवर मनुष्य हरतो. हे सारे खाशाबांस बहुतांशी नवखे होते. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तेथे त्यांस गादीवरचे शिक्षण दिले. अवघ्या थोड्या अवधीत जे साधले त्याच्या बळावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या व अमेरिकेच्या मल्लांस हरविले. मात्र इराणच्या मल्लाने त्यांस रोखले. ५२ किलो वजनाच्या गटात त्यांचा सहावा क्रमांक लागला.

नवख्या रिंगणात सहावा क्रमांक म्हणजे काही लहान यश नव्हे. मायदेशी परतून त्यावर आयुष्यभर समाधान मानता आले असते. खाशाबांनी उलट त्या सहाव्या क्रमांकाचा अर्थ असा लावला, की पाच माणसे आपल्यापुढे आहेत, आणि त्यांना जे येते ते आपल्याला शिकता येईल. या विचारात हेव्याचा लवलेश नाही, हे आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. हेवा करणारा पुढच्याचे पाय ओढू पाहतो. खाशाबांनी पुढच्याचे पाय कसे पडतात ते पाहून घेतले! पुढील चार वर्षे त्यांनी मेहनत वाढविली. ते आता ५७ किलोच्या गटात, म्हणजे अधिक वजनाच्या मल्लांशी, लढू लागले. प्रतिस्पर्ध्याची मान आवळून त्यास फेकण्याचा ढाक हा त्यांचा आवडता डाव होता, व तो त्यांनी चांगलाच घोटून ठेवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी संघ निवडण्याची वेळ आली, तेव्हा मद्रास येथील सामन्यांत एका गुणाने त्यांची संधी हुकली. हा गुण अन्यायाने कापला गेला अशी त्यांची खात्री होती. त्यांनी आदळआपट केली नाही. क्रीडाप्रेमी पतियाळाच्या महाराजांकडे रीतसर दाद मागितली. पुन्हा कुस्ती ठरली आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळविली. अन्याय झाल्यावर गप्प बसणे व थयथयाट करणे यांमध्ये तिसराही एक मार्ग असतो, तो त्या तरुणाने कोणत्या पुस्तकातून शिकला कोण जाणे.

जागा मिळाली, पण पैसा कोठे होता? सरकारी मदत तुटपुंजी. घरच्यांनी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली, गावकऱ्यांनी यथाशक्ति हातभार लावला. तरीही रक्कम अपुरी पडू लागली, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पालकमंडळींनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. त्या काळी ही रक्कम सामान्य नव्हती, आणि शिष्य पदक आणीलच असे कोणीही लिहून दिलेले नव्हते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांवर एकामागून एक विजय मिळविला. नंतर जपानच्या शोहाची इशी याच्याशी त्यांची दीर्घ झुंज होऊन ते हरले. हा इशी मूळचा जूदो खेळणारा. त्या वर्षी जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्याचेच. या दमछाकीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच खाशाबांस सोविएत रशियाच्या राशिद मामेदबेकोव याच्याशी लढण्यास बोलावले गेले, व त्यांच्या बाजूने हरकत घेण्यास संघाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. तीही कुस्ती गेली. तथापि कांस्यपदक त्यांचे झाले. स्वतंत्र भारताचे हे वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शेकडाहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात संपणाऱ्या त्या वाटेस त्या दिवशी सात तास लागले म्हणतात. पुढील आयुष्यात मात्र एवढे वैभव आले नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, खात्यातील खेळाडूंस त्यांनी शिकविले, आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठीदेखील त्यांस झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर मिळाला.

बैलगाड्यांच्या त्या मिरवणुकीनंतरची एक हकीकत सांगावयाची राहिली. गुलालाचा रंग अंगावरून उतरतो न उतरतो तोच खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरविले. त्यात ते स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेला पैसा सत्कारात वा घरखर्चात न घालता खर्डेकरांच्या हाती नेऊन दिला. त्यातून प्राचार्यांचे घर गहाणातून सुटले.