वॉल्ट डिस्ने यांची परसातील आगगाडी

मिकी नावाच्या उंदरास पडद्यावर नाचविणारे वॉल्ट डिस्ने कोणास ठाऊक नाहीत? परंतु या गृहस्थांनी आपल्या घराच्या आवारात वाफेची खरीखुरी आगगाडी चालविली होती, हे आमच्या बालवाचकांपैकी थोड्यांसच माहीत असेल.

डिस्ने यांचा जन्म १९०१ साली शिकागो शहरी झाला. १९०६ साली त्यांचे कुटुंब मिसुरी प्रांतातील मार्सेलीन या लहानशा गावी राहावयास गेले. गावावरून सँटा फे रेल्वे जात असे आणि त्यांचे एक आप्त त्याच रेल्वेवर एंजिन हाकीत. पुढे शाळकरी वयात एका उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी गाडीत वर्तमानपत्रे, फळे व मिठाई विकण्याचे काम पत्करले. आगगाडीचा नाद जडला तो असा, आणि तो जन्मभर सुटला नाही.

चित्रपटांनी कीर्ती व धन दिले, तशी दगदगही दिली. १९४८ साली शिकागोस भरलेले रेल्वेचे प्रदर्शन पाहून आल्यावर आपलीही एक गाडी असावी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांच्याच चित्रशाळेतील कारागीर रॉजर ब्रॉगी यांच्या देखरेखीखाली सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या एका जुन्या एंजिनाची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती तयार झाली. एवढ्या मोठ्या कंपनीचे धनी, पण कारखान्यात शिकाऊ उमेदवारासारखे उभे राहून हत्यारे चालविण्यास शिकले. गाडीचा शेवटचा डबा तर त्यांनी स्वहस्ते घडविला. एंजिनास पत्नीच्या नावावरून ‘लिली बेल’ असे नाव ठेविले.

आमच्या माथेरानच्या गाडीचे रूळ दोन फूट रुंदीचे. यांचे अवघे सव्वासात इंच! तथापि हे खेळणे नव्हे. भट्टीत कोळसा पेटे, बाष्पपात्रात पाणी उकळे, वाफेच्या दाबाने दट्ट्या हलून चाके फिरत, आणि मोठी माणसे डब्यांवर बसून जात. लॉस एंजेलिस येथील घराभोवती सुमारे अर्धा मैल मार्ग होता. त्यात ४६ फूट लांबीचा पूल आणि ९० फूट लांबीचा बोगदा होता. बोगदा पत्नीच्या फुलांच्या वाफ्याखालून नेला होता, व त्यास मुद्दाम वळणे दिली होती, म्हणजे पलीकडचा उजेड दिसू नये. रूळ टाकण्यापूर्वी पत्नीशी रीतसर करारपत्र केले होते, हे वाचून आम्हांस हसू आले.

१९५० साली सुरू झालेल्या या गाडीवर पाहुण्यांची दाटी होई व कधी कधी पाहुणेच एंजिन हाकीत. १९५३ साली अशाच एका पाहुण्याने वळणावर वेग आवरला नाही. एंजिन उलटले, वाफ बाहेर पडली, आणि पाच वर्षांच्या एका मुलीचे पाय भाजले. डिस्ने यांनी गाडी बंद केली. पुन्हा त्या रुळांवर ती धावली नाही. हौसेने, स्वतःच्या हातांनी उभारलेली वस्तू एका बालकाच्या दुखण्यापायी मिटवून टाकणे आम्हांस ती उभारण्याहून कठीण वाटते.

नाद मात्र राहिलाच. दिनांक १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड हे उपवन उघडले, तेव्हा त्याच्या सभोवार तीन फूट रुंदीच्या रुळांवर वाफेची गाडी फिरू लागली. डिस्ने १९६६ साली वारले. ज्या लाल कोठारात बसून ते घरच्या गाडीचे सांधे बदलीत असत, ते १९९९ साली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये, लहान वाफेच्या गाड्या चालविणाऱ्या हौशी मंडळींच्या रुळांशेजारी, नेऊन ठेविले आहे.