विवेकाची वाट

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील टेंभू या गावी एका गरीब कुटुंबात झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी विद्येसाठी भ्रमंती करून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. तेथे त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुवून वाळत घालावा आणि सकाळी पुन्हा अंगात चढवावा, असा त्यांचा क्रम असे. अशा हलाखीतही मिल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ ते आवडीने अभ्यासीत. एखादी रूढी केवळ जुनी आहे म्हणून मानू नये, ती बुद्धीच्या कसोटीवर पारखून घ्यावी, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला.

एम. ए. झालेल्या आगरकरांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. परंतु पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून लोकहितासाठी झटण्याचा निश्चय त्यांनी आपल्या आईला पत्राने कळविला. ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होत. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याबद्दल ‘केसरी’त मजकूर आला. त्यावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली आगरकर व लोकमान्य टिळक यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या कोठडीत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे मराठी रूपांतर केले. काय करावे आणि काय करू नये, या विचाराने व्याकुळ झालेल्या राजपुत्राची ती कथा आहे.

पुढे खुद्द आगरकरांवरच निवडीचा कठीण प्रसंग आला. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, या प्रश्नावर जिवलग मित्र टिळकांशी त्यांचे पटेना. मैत्री राखावी की आपले मत? आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’ सोडला आणि पुढल्याच वर्षी ‘सुधारक’ पत्र काढले. बालविवाह व विधवांचे केशवपन यांवर त्यांनी कडक टीका केली. मुलींना मुलांसारखेच शिक्षण मिळावे, असा आग्रह धरला. सनातनी मंडळी खवळली. त्यांनी जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा काढून ती त्यांच्या घरावरून नेली. तरीही त्यांची लेखणी थांबली नाही.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. परंतु दम्याने त्यांचे शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये, म्हणून त्यासाठीचे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते.

बुद्धीला पटलेली वाट धरण्यास मनुष्य स्वतंत्र आहे. पण त्या वाटेवरील काटे ज्याचे त्यालाच तुडवावे लागतात. आगरकरांनी हे जाणून आपली वाट निवडली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही.